डागडुजीचा वाटा

बोरिवली पश्चिमेला आय. सी. कॉलनीच्या कडेला मंडपेश्वरचे लेणे आहे. समोर मोकळे पटांगण, पलीकडे रस्ता आणि सोसायट्यांच्या इमारती, आणि लेण्याच्या डोक्यावर छप्पर गेलेल्या जुन्या मठाच्या दगडी भिंती. आत पिंडी आहे, तिची पूजा होते, महाशिवरात्रीला रांग लागते. बाजूच्या दालनात नृत्यमुद्रेतल्या शिवाचा मोठा शिल्पपट आहे. हातपाय तुटलेले, चेहरे झिजलेले, तरीही कमरेचा बाक आणि भोवती जमलेल्या देवगणांची दाटी डोळ्यांत भरते. बाहेरच्या अंगाला एका भिंतीवर, जिथे पूर्वी मूर्तिकाम होते तिथेच, खडकात कोरलेला मोठा क्रूस आहे. शैव लेणे, फ्रान्सिस्कन मठ, पुन्हा शिवालय आणि आता भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक, इतके सारे एकाच खडकात साचलेले आहे. अशी वास्तू दुरुस्त करायची झाली तर ती नेमक्या कोणत्या काळात नेऊन ठेवायची, हा प्रश्न हटकून विचारला जातो, आणि त्यावरून वादही पेटतात. माझे म्हणणे असे, की साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरे ज्यावर वसली त्या बेटाच्या, लेण्यांचा इतिहास नीट वाचला तर त्यातून वेगळाच प्रश्न पुढे येतो. या वास्तूची डागडुजी कोणाच्या अंगावर आहे, तिचा खर्च कुठून येतो, आणि ते काम दर वर्षी होते का? ज्या काळात या तीन गोष्टींचे उत्तर ठरलेले होते त्या काळात लेणी टिकली. उत्तर हरवले तेव्हा ती ढासळली, मग वरती कोणाचेही राज्य असो.

हे उत्तर कसे असते ते पाहायला दूर जावे लागत नाही. बोरिवलीच्याच पूर्वेला, आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असलेल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभकाळापासून पुढे जवळजवळ हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. तिथल्या शिलालेखांत राजांपेक्षा साध्या माणसांची नावे जास्त भेटतात. कल्याण, सोपारा अशा गावांचे व्यापारी, सोनार, गृहस्थ, भिक्षुणी. त्यांनी लेणी कोरवली, पाण्याची टाकी खोदवली, बसायला बाक कोरवले. पण मला त्यांतले सर्वांत मोलाचे वाटतात ते अक्षयनीवीचे लेख. मुद्दल कायम ठेवायचे आणि त्याच्या व्याजातून किंवा नेमून दिलेल्या शेताच्या उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर नित्याचा खर्च भागवायचा, अशी ती व्यवस्था होती. यांतल्या एका लेखात मंगलस्थान गावातल्या शेताचा उल्लेख आहे. हे मंगलस्थान म्हणजे आजचे मागाठाणे, बोरिवली पूर्वेचे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या आणि त्याच्या मांडलिक शिलाहारांच्या काळातही हीच रीत चालू दिसते. त्या वेळच्या एका लेखात दान दिलेल्या द्रम्म नाण्यांची वाटणी करून दिलेली आहे. काही पूजेसाठी, काही भिक्षूंच्या वस्त्रांसाठी, काही ग्रंथांसाठी, आणि काही विहारातल्या पडझडीच्या दुरुस्तीसाठी.

दुरुस्तीचा हा स्वतंत्र वाटा फार महत्त्वाचा आहे. डोंगरावर पडणारे पाणी कान्हेरीत खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवलेले आहे. कोकणातल्या पावसात ही पन्हळ एकदा पाचोळ्याने तुंबली की पाणी वाट फुटेल तिकडे जाते, लेण्याच्या कपाळावरून आत झिरपते, आणि काही वर्षांत कोरीव कामाची खपली निघू लागते. म्हणजे दर वैशाखात कोणीतरी वर चढून पन्हळी साफ करणे हे शिल्पकाराच्या कामाइतकेच आवश्यक होते. दानकर्त्याला हे माहीत होते, म्हणून त्याने पैसे वेगळे काढून ठेवले. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये कान्हेरीला आलेल्या पारशी मंडळींनी एका लेण्यात पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. लेणी कोरायला लागून तोवर हजारेक वर्षे होत आली होती आणि तरीही जागा अशी होती की दुसऱ्या धर्माची माणसे मुद्दाम पाहायला येत होती.

मंडपेश्वरचे लेणे कान्हेरीच्या पहिल्या लेण्यांनंतरचे, सहाव्या शतकाच्या आसपासचे. जोगेश्वरी आणि घारापुरी यांच्याच कुळातले हे शैव लेणे आहे. त्याच्या मागेही जमिनीचे उत्पन्न होते, आणि ते होते हे कळते ते तोडले गेल्यामुळे. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली साष्टी पोर्तुगिजांना दिली. त्यानंतरच्या दशकांत फ्रान्सिस्कन पंथाचे पाद्री आंतोनिओ दो पोर्तो यांनी या भागात देवळे बंद करून चर्चे उभारण्याचा सपाटा लावला. मंडपेश्वरचे लेणे चर्चच्या उपयोगात आले, त्याच्या डोक्यावर मठ आणि विद्यालय बांधले गेले, आणि पोर्तुगालच्या राजाने, तिसऱ्या जुआंवने, देवळाकडे लागलेल्या जमिनींचे उत्पन्न नव्या संस्थेकडे वळवले. यात जुलूम होता. पूजा करणाऱ्यांना हुसकून लावले गेले, मूर्ती छिलल्या गेल्या, आणि बाहेरच्या भिंतीवरचा क्रूस त्याची साक्ष म्हणून उभा आहे. ते सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. पण इतिहासकाराने त्यासोबत हेही नोंदवायला हवे, की देव बदलणाऱ्या राज्यकर्त्याला उत्पन्नाचे महत्त्व बरोबर कळलेले होते. त्याने खडकाआधी शेते ताब्यात घेतली. पुढची सुमारे दोनशे वर्षे ही वास्तू वापरात राहिली, तिच्यावर मजले चढले, चुना लागला, छप्परे शाकारली गेली.

१७३७ च्या वसंतात मराठ्यांनी ठाणे घेतले आणि साष्टीची मोहीम सुरू झाली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. या विजयाची आठवण महाराष्ट्रभर पसरलेली आहे. नाशिकला पंचवटीत नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा ही वसईच्या स्वारीतून आलेली, पोर्तुगीज बनावटीची. मंडपेश्वरचा मठ ओस पडला आणि लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. न्याय झाला असे त्या वेळी अनेकांना वाटले असणार, आणि ते समजण्यासारखे आहे. मात्र १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांच्याकडे गेली. मराठ्यांना ही साष्टी जेमतेम पस्तीस-सदतीस वर्षे लाभली, तीही लढायांच्या धामधुमीत. लेण्यामागे पूर्वी उभी असलेली व्यवस्था पुन्हा बांधून काढायला तेवढा अवधी पुरला नाही. पूजा परत आली, डागडुजी परत आली नाही. वरच्या मठाचे छप्पर गेले, आणि छप्पर गेलेल्या इमारतीतले पाणी खाली लेण्याच्या माथ्यात मुरायला लागले.

इंग्रजांच्या काळात या लेण्यांना एक नवी गोष्ट मिळाली, ती म्हणजे अभ्यासकाची नजर. १८०६ मध्ये हेन्री सॉल्ट यांनी साष्टीतली लेणी पाहून वर्णन लिहिले, ते मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या पहिल्या खंडात १८१९ मध्ये छापून आले. पुढे फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी मोजमापे घेतली, ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये १८८२ साली सविस्तर माहिती आली. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत प्राचीन स्मारकांच्या जतनाचा कायदा झाला आणि १९२३ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख जॉन मार्शल यांनी जतनाची नियमपुस्तिका लिहिली. तिचा गाभा असा, की जुन्या कामावर नवे काम चढवून त्याला नवेकोरे करू नये. आहे ते आहे तसे टिकवावे. या विचाराचे ऋण मान्य केलेच पाहिजे. साष्टीच्या टेकड्या विसाव्या शतकात खाणींसाठी फोडल्या गेल्या. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आज एखाद्या सुळक्यासारखी उरली आहे, कारण भोवतालचा दगड निघून गेला. संरक्षणाचा शिक्का नसता तर लेण्यांचेही हेच झाले असते.

पण या संरक्षणाने एक गोष्ट हिरावूनही घेतली. वास्तूची मालकी, जबाबदारी आणि पैसा हे तिन्ही गावापासून दूर, आधी सुभ्याच्या आणि मग दिल्लीच्या कार्यालयात गेले. गावात उरला तो पहारेकरी, निळा फलक आणि कुंपण. भोवती भातशेती होती तोवर हे चालून गेले, कारण माथ्यावर कोणी राहतच नव्हते. पावसाचे पाणी जुन्या वाटेने वाहत होते. त्या वेळी कोणालाही त्रुटी दिसली नाही यात नवल नाही.

त्रुटी दिसली ती शहर आल्यावर. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली लोकल धावली, तरी अंधेरीपलीकडचा भाग पुढची ऐंशी वर्षे बराचसा खेडेगावांचाच होता. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरीचा पट्टा मुंबई महापालिकेत आला, १९५७ मध्ये बोरिवली, दहिसर, मुलुंड आले. महापालिका आली तेव्हा लेणी आधीच केंद्राच्या यादीत होती. त्यामुळे शहराने रस्ते, गटारे, शाळा, झोपडपट्टी सुधारणा यांचा विचार केला तो लेणी वगळून. नकाशावर ती दुसऱ्या कोणाची तरी जागा होती. १९९५ साली बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, देशातली अशा प्रकारची पहिली. पण तिच्या मूळ यादीचा भर दक्षिण मुंबईवर होता. फोर्ट, काळा घोडा, मलबार हिल यांच्या बाबतीत वारसा आणि नगररचना एका टेबलावर आली. उपनगरांच्या वाट्याला ते फारसे आले नाही.

याचा सर्वांत कठोर पुरावा जोगेश्वरीत आहे. सहाव्या शतकाच्या पूर्वार्धातले हे लेणे कला-इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांच्या मते भारतातले पहिले मोठे ब्राह्मणी लेणे. लांबी सुमारे अडीचशे फूट. लांबलचक पायऱ्या उतरून खाली जावे लागते, कारण ते डोंगराच्या दर्शनी कड्यात नसून जमिनीच्या पोटात आहे. मधला मोठा मंडप, त्याच्या मध्यभागी जोगेश्वरी देवीचा चौकोनी गाभारा, चारही दिशांना दारे, भोवती खांबांच्या ओळी. खडक मऊ जातीचा असल्यामुळे द्वारपालांची शरीरे खांद्यापासून खाली विरघळल्यासारखी दिसतात. आता या जमिनीच्या माथ्यावर वस्ती आहे. घरांच्या मोऱ्यांचे, संडासांचे पाणी त्याच खडकात मुरते आणि छतातून, भिंतींतून पाझरते. उपनगरांत नुसत्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यात हे बारमाही सांडपाणी मिसळले की कोणतीही रासायनिक प्रक्रिया खडकाला वाचवू शकत नाही. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे उच्च न्यायालयात गेला, अतिक्रमणे हटवण्याच्या आणि रहिवाशांच्या पुनर्वसनाच्या योजना झाल्या, आणि काम रेंगाळले.

इथे माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शहरातली जुनी जागा वापरात आणली की ती आपोआप टिकते, असे संवर्धनाच्या चर्चेत वारंवार सांगितले जाते. जोगेश्वरीत वापर कधी थांबला होता? देवीची पूजा अखंड चालू आहे, उपनगराला नाव तिने दिले, नवरात्रात गर्दी होते. तरीही लेणे कुजले. म्हणजे वापराने वास्तू टिकते हे खरे नाही. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, आणि म्हणूनच मी वापराबद्दल बोलत नाही. भाविक येतो, नमस्कार करतो, जातो. त्याच्या श्रद्धेने गाभारा झाडला जातो, पण छतावरचे गटार वळत नाही. गाभाऱ्याचा पुजारी, माथ्यावरचा रहिवासी, पहारेकऱ्याचे खाते आणि गटाराचे खाते हे चौघे एकाच खडकावर काम करतात आणि एकमेकांना उत्तरदायी नाहीत. कान्हेरीच्या दानलेखात पूजा आणि डागडुजी एकाच दानातून, एकाच संघाच्या हाती दिलेली होती. तो जोड जोगेश्वरीत तुटला आहे. वापर उरला, वाटा उरला नाही.

दुसरा आक्षेप रहिवाशांच्या बाजूचा आहे, आणि तो नैतिक आहे. १९९२ च्या अधिसूचनेने संरक्षित स्मारकाभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढचा दोनशे मीटरचा पट्टा नियंत्रित ठरला, २०१० च्या दुरुस्तीने त्याला कायद्याचे बळ आले आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम नाही, घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबाने दगडी देवांसाठी आपले छप्पर का गळू द्यावे? आजूबाजूला पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत असताना आपणच मागे का राहावे? हे प्रश्न अप्पलपोटेपणाचे नाहीत. शहराने स्वस्त घरे कधी बांधलीच नाहीत म्हणून माणसे टेकडीच्या माथ्यावर गेली. माझे उत्तर असे, की सध्याची व्यवस्था माणूस आणि लेणे दोघांचेही नुकसान करते. दुरुस्तीवरच्या बंधनामुळे त्या घरांना पक्के सांडपाण्याचे जाळे मिळणे अवघड झाले, आणि जाळे नाही म्हणून सांडपाणी लेण्यात उतरले. कायदा खडकाभोवती अंतर मोजतो, पण खडकाचा शत्रू अंतराने येत नाही, उताराने येतो. पुनर्वसन जवळच्या जवळ, त्याच उपनगरात होणार असेल तर ते आधी व्हावे. ते होईपर्यंत माथ्यावरच्या प्रत्येक मोरीला बंद नळाने मुख्य गटारापर्यंत नेणे हे स्मारकाच्याच खर्चात धरायला हवे. तो खर्च शिल्पांच्या साफसफाईपेक्षा आधीचा आहे.

आता पुन्हा मंडपेश्वरच्या क्रुसाकडे. तो पुसून तिथे मूळ मूर्ती पुन्हा घडवावी, असे मानणारे आहेत. दुखावलेली भावना खोटी नाही. पण मूर्ती घडवायची ती कोणत्या आधारावर? जे छिलून गेले त्याचे चित्र कोणाकडे नाही. आपण घडवू ते एकविसाव्या शतकाचे शिल्प होईल, आणि सहाव्या शतकातल्या कारागिराच्या नावावर खपेल. जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूवर साचलेल्या सर्व काळांच्या कामाचा मान राखावा, एकाच शैलीचे ऐक्य हे जीर्णोद्धाराचे ध्येय नसावे, असे सांगितले. मार्शल यांनी त्याआधी चाळीस वर्षे जवळजवळ हेच सांगितले होते. माझ्या दृष्टीने याहून मोठे कारण स्थानिक आहे. आय. सी. कॉलनीला नाव मिळाले ते इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चवरून. या पट्ट्यातल्या गावठाणांत राहणारे ईस्ट इंडियन लोक मराठीचीच एक बोली बोलत आले, त्यांचे पूर्वज याच भातशेतीत राबले. पिंडीला बेल वाहणारा आणि माथ्यावरच्या भिंतीत आपल्या धर्माचा आरंभ पाहणारा, दोघेही या जागेचे वारस आहेत. त्यांतल्या एकाला बाहेर काढून केलेला जीर्णोद्धार म्हणजे सोळाव्या शतकातलीच चूक उलट्या बाजूने करणे होय. आणि व्यवहार पाहिला तर, माथ्यावरच्या मठाच्या भिंती सावरल्या नाहीत तर पाणी खालच्या शिवाच्या पटावर उतरणार. क्रूसवाल्याची भिंत आणि पिंडीवाल्याचे छत ही एकच दुरुस्ती आहे.

मुंबईत जीर्णोद्धाराचे गाजलेले उदाहरण भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे. १८७२ मध्ये खुली झालेली भायखळ्याची ही इमारत मोडकळीला आली होती. २००३ मध्ये महापालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला, वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली काम झाले, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. लोक सोन्याचा मुलामा आणि रंगवलेले छत आठवतात. मला त्यात मोलाचा वाटतो तो करार. पैसा कोणाचा, तज्ज्ञ कोणाचे, इमारत कोणाची आणि पुढे चालवणार कोण, हे काम सुरू होण्याआधी लिहिले गेले आणि चालवण्यासाठी न्यास झाला. नंतरही ही इमारत दुरुस्तीसाठी बंद ठेवावी लागली, आणि त्यात अपयश काही नाही. मुंबईच्या दमट हवेत दुरुस्ती संपत नसते. ती पुन्हा करायला कोणीतरी जागेवर असणे, यालाच मी व्यवस्था म्हणतो.

उपनगरात असे कोणी जागेवर नसले की काय होते ते मागाठाण्याला दिसते. ज्या गावाच्या शेताने एके काळी कान्हेरीचा खर्च चालवला, त्या गावची स्वतःची बौद्ध लेणी केंद्राच्या संरक्षित यादीतही नाहीत. घरांच्या आणि झाडोऱ्याच्या मधोमध ती दबून गेली आहेत. उलट बाजूचे उदाहरण एक्सरचे. बोरिवली पश्चिमेच्या या गावठाणात तेराव्या शतकाच्या सुमाराचे उंच वीरगळ आहेत. त्यांवर वल्ही मारणाऱ्या नौकांच्या रांगा आणि समुद्रावरची लढाई कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातला हा संघर्ष असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. हे दगड गावाने देव मानले म्हणून इतकी शतके जागचे हलले नाहीत. श्रद्धेने शेंदूर-तेल लागते, आणि त्याने कोरीव काम बुजते, हा आक्षेप बरोबर आहे. पण शेंदूर काढता येतो. बांधकामाच्या पायात गेलेला वीरगळ परत येत नाही. गेल्या दशकात मुंबई विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण केंद्र, साठ्ये महाविद्यालय आणि इन्स्ट्युसेन न्यास यांनी साष्टीचे पद्धतशीर सर्वेक्षण केले, तेव्हा गल्लीबोळांत, देवळांच्या पारांवर, विहिरींच्या काठी असे कितीतरी अवशेष नोंदले गेले. ते जिथे उरले होते तिथे बहुतेक वेळा कोणाच्या तरी सांभाळण्यामुळेच उरले होते.

स्थानिकांच्या हाती कारभार द्यावा म्हटले की मुंबईकराला लगेच एक भीती वाटते, आणि ती अनुभवातून आलेली आहे. सार्वजनिक मैदाने सांभाळायला म्हणून दिली आणि त्यांवर क्लब उभे राहिले, हे या शहराने पाहिले आहे. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने मोकळ्या जागा दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले तेव्हा नागरिक त्याविरुद्ध उभे राहिले आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. केंद्राच्या २०१७ च्या वारसा दत्तक योजनेबाबतही अशीच शंका घेतली गेली. कंपनी येईल, दिवे लावेल, तिकीटघर बांधेल, आपले नाव लिहील आणि माथ्यावरच्या पन्हळीकडे ढुंकून पाहणार नाही, कारण पन्हळीचे उद्घाटन होत नाही. ही भीती रास्त आहे. म्हणून वाटा जागेच्या मालकीचा देऊ नये, कामाचा द्यावा. पुरातत्त्व खात्याचे अधिकार जसेच्या तसे राहतील, पटांगण सर्वांना विनाशुल्क खुले राहील, कुंपणाच्या आत फरसबंदी आणि रोषणाई करण्याची मुभा कोणालाही नसेल. मंदिराची मंडळी, पॅरिश, शेजारच्या सोसायट्या, शाळा आणि महापालिकेचा विभाग यांच्यात लेखी ठरेल ते एवढेच, की कोणते काम कोणाचे, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या पैशांतून. संध्याकाळी पटांगणात मुले खेळतात, म्हातारी माणसे बसतात. पश्चिम उपनगरात मोकळ्या जागेची जी चणचण आहे तिच्यात या पटांगणाचे मोल लेण्याइतकेच आहे. चेंडू शिल्पाला लागेल ही काळजी असेल तर शिल्पाच्या दालनापुढे जाळी लावता येते, पटांगण बंद करावे लागत नाही.

पैसा कुठून येणार, हा शेवटचा आक्षेप. पाण्याच्या रांगा, तुंबणारे रस्ते आणि अपुरी रुग्णालये असलेल्या शहराने लेण्यांवर खर्च करावा का? मोठ्या सुशोभीकरणावर करू नये, असेच मी म्हणेन. इथे लागणारे काम फार साधे आहे. मुंबई महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी नालेसफाई करते, तिची मुदत ठरते, तिच्या टक्केवारीवर वर्तमानपत्रांत आणि सभागृहात भांडणे होतात. मंडपेश्वरच्या माथ्याचा उतार, जोगेश्वरीच्या माथ्यावरची गटारे, अंधेरी पूर्वेच्या कोंडिवटे म्हणजे महाकाली लेण्यांभोवतीचे पाणी आणि मागाठाण्याचा खोलगट भाग ही चार ठिकाणे त्या यादीत नावानिशी यायला हवीत. पुरातत्त्व खात्याचा माणूस सोबत असेल आणि मे संपण्याआधी पन्हळी मोकळ्या झाल्या की नाही हे विभाग कार्यालयाच्या फलकावर लिहिले जाईल. यादीत नाव आले की कंत्राटदाराला काम दाखवावे लागते, नगरसेवकाला उत्तर द्यावे लागते, आणि शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही जून उजाडण्याआधी फोन करून विचारता येते.